राष्ट्रीय स्काऊट संघटनेची नोंदणी आणि घटना: आधी सभासद कोण ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ राज्यांत स्काऊट पद्धतीने चालणारी मुलामुलींची पथके आहेत. काही राज्यांत त्यांच्या स्वतंत्र नोंदणीकृत संस्थाही आहेत. आता देशपातळीवर एक संघटना नोंदवायची आहे. सोसायटी करावी, न्यास (ट्रस्ट) करावा की कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी? राज्यांना कसे जोडावे? आणि घटनेचा मसुदा दुसऱ्या एका संस्थेवरून उतरवून घेतला आहे, तो चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. क्रीडा मंडळाची किंवा शिक्षण संस्थेची घटना घेऊन तिच्यात 'स्काऊट' हा शब्द भरला की निबंधक कार्यालयात ती बहुधा पास होते, अडचण तिथे येत नाही. ती येते पाच-सहा वर्षांनी, पहिल्या चुरशीच्या निवडणुकीत. तेव्हा कोणीतरी उठून विचारतो की या सभेत मत द्यायचा अधिकार नेमका कोणाला आहे, आणि घटनेत त्याचे उत्तर सापडत नाही. म्हणून कायदा निवडण्याआधी सभासद कोण, याचा निकाल लावा.

एका पथकात समजा चाळीस मुले, दोन पथकनायक आणि पालकांची एक समिती आहे. यांतला सभासद कोण? बहुतेक मसुद्यांत 'वचन घेऊन नोंद झालेली प्रत्येक व्यक्ती संघटनेची सभासद असेल' असे एक भारदस्त वाक्य असते. वाचायला छान वाटते. पण त्याचा कायदेशीर अर्थ असा होतो की पन्नास हजार मुले सर्वसाधारण सभेचे सभासद झाली. त्यांना नोटीस पाठवली पाहिजे, त्यांच्या संख्येवर गणपूर्ती (कोरम) मोजली पाहिजे. १८ वर्षांखालील मूल करार करू शकत नाही, तेव्हा मताचा आणि वर्गणीच्या जबाबदारीचा प्रश्न लटकतच राहतो. एखाद्या नाराज गटाला पुढे पाच वर्षांच्या सगळ्या सभा बेकायदा ठरवायच्या असतील, तर हे एक वाक्य त्याला पुरते.

उपाय सोपा आहे. मुलांची 'नोंद' आणि मताधिकार असलेले 'सभासद' हे दोन शब्द घटनेच्या व्याख्यांमध्येच वेगळे करा. मुले, पथकनायक, स्वयंसेवक यांची वार्षिक नोंद होईल. मताधिकार मात्र राष्ट्रीय परिषदेच्या सदस्यांनाच असेल, आणि परिषद राज्यांनी निवडून पाठवलेल्या प्रतिनिधींची असेल. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० चे कलम १५ या ठिकाणी पाठ असावे लागते. नियमांप्रमाणे प्रवेश दिलेली, वर्गणी भरलेली किंवा सभासद पटावर सही केलेली आणि राजीनामा न दिलेली व्यक्ती म्हणजे सभासद. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत नाही, तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. अनेक संस्थांत वर्गणी 'सवडीने' गोळा होते आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात थकबाकी भरली जाते. ती चालते की नाही यावर मग वर्षानुवर्षे वाद चालतात. घटनेत सरळ तारीख घाला: मतदार यादी सभेच्या ६० दिवस आधी बंद होईल, त्या दिवशी बँकेत जमा झालेली वर्गणीच धरली जाईल, यादी ४५ दिवस आधी प्रसिद्ध होईल आणि हरकतींसाठी १० दिवस मिळतील.

प्रतिनिधींचे गणितही आत्ताच करा. प्रत्येक राज्याला समान मते दिली तर सहाशे मुलांचे राज्य आणि साठ हजार मुलांचे राज्य एकाच तराजूत बसते. निव्वळ नोंदीच्या प्रमाणात दिली तर दोन मोठी राज्ये सगळे ठरवतात आणि बाकीची हळूहळू यायची बंद होतात. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक राज्याला २ मूळ जागा, दर १०,००० नोंदींमागे आणखी १ आणि कमाल मर्यादा ६. प्रमाण ठेवले की नोंद फुगवण्याचा मोह आलाच. तेव्हा मोजणी चालू वर्षावर न करता मागच्या दोन वर्षांच्या सरासरीवर करा, आणि ज्या नोंदीचे शुल्क केंद्राच्या खात्यात आले तेवढीच मोजा. कागदावरची मुले शुल्क भरत नाहीत.

आता कायद्याची निवड. न्यास या कामाला बसत नाही. न्यासात सभासदच नसतात, विश्वस्त असतात, आणि न्यासपत्रात वेगळे लिहिले नसेल तर तेच पुढचे विश्वस्त नेमतात. चळवळीला निवडणूक लागते. न्यासाचा एक उपयोग मात्र चांगला आहे. शिबिराची जमीन, इमारत, कायम निधी एका वेगळ्या मालमत्ता-न्यासाकडे ठेवता येतो. ब्रिटनमध्ये स्काऊट असोसिएशनला ४ जानेवारी १९१२ रोजी राजसनद मिळाली. तिथे स्थानिक गट स्वतंत्र धर्मादाय संस्था असतात, पण त्यांच्या जमिनी सांभाळायला मध्यवर्ती ट्रस्ट कॉर्पोरेशन असते. गट बंद पडला तरी मैदान चळवळीकडे राहते, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

कलम ८ ची कंपनी शिस्तीची असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा, सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. सलग तीन वर्षे विवरणे चुकली तर संचालक अपात्र. पूर्णवेळ कार्यालय आणि कंपनी सचिवाचा खर्च झेपणार असेल तर कंपनी उत्तम: देशभर एकच कायदा, नोंदी ऑनलाइन आणि कोणालाही पाहता येणाऱ्या. सगळे काम स्वयंसेवकांवर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दंडाचा डोंगर उभा राहतो. शिवाय ज्ञापन (मेमोरँडम) किंवा नियमावली बदलायला सरकारची आगाऊ मंजुरी लागते.

त्यामुळे बहुतेकांसाठी सोसायटीच योग्य. कायद्याने किमान सात माणसे लागतात. अखिल भारतीय कार्यक्षेत्र लिहिले की निबंधक साधारणपणे आठ वेगवेगळ्या राज्यांतले संस्थापक मागतात, तेव्हा ओळखपत्रे आणि पत्त्यांचे पुरावे आठ राज्यांचे तयार ठेवा. ज्ञापनात नाव, उद्दिष्टे आणि पहिल्या कार्यकारिणीची नावे, पत्ते, व्यवसाय. सोबत नियमावली, तिच्यावर कार्यकारिणीतल्या किमान तिघांनी खरी प्रत म्हणून साक्षांकन केलेले. नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर काम इथे थांबत नाही. धर्मादाय उद्दिष्टांची सोसायटी ही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यासही ठरते, आणि कलम १८ प्रमाणे तीन महिन्यांत तिचीही नोंदणी करावी लागते.

नावाबाबत दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५०. सरकारचा आश्रय सूचित करणारे नाव त्याखाली अडते. याच कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्रही आहे, त्यामुळे हौसेने ठेवलेले नाव परत येऊ शकते. दुसरा सापळा 'स्काऊट' या शब्दाचा. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी विलीनीकरणातून उभी राहिली, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड्स तिच्यात आल्या, आणि जागतिक स्काऊट व गाईड या दोन्ही संघटनांवर भारताचे सदस्यत्व तिच्याकडेच आहे. जागतिक स्काऊट संघटना एका देशात एकाच राष्ट्रीय संघटनेला मान्यता देते. एकाहून अधिक संघटना असतील तर त्यांनी फ्रान्सप्रमाणे महासंघ करून एकत्र यायचे असते. तेव्हा नव्या संस्थेने जागतिक मान्यतेचे आश्वासन पत्रकात छापू नये, आणि जांभळ्या वर्तुळातले लिलीचे जागतिक बोधचिन्ह तर मुळीच वापरू नये. ते संरक्षित चिन्ह आहे. स्वतःचे नाव आणि बिल्ला मात्र व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली नोंदवा: शिक्षण-प्रशिक्षणासाठी वर्ग ४१, गणवेशासाठी २५, कापडी बिल्ल्यांसाठी २६, पुस्तकांसाठी १६. नोंदणी दहा वर्षे टिकते. हा खर्च अनेकांना चैनीचा वाटतो. राज्ये कशी जोडायची याचा विचार सुरू झाला की तो का करायचा ते कळते.

राज्यांसाठी मुळात दोनच रचना आहेत. एक, देशभर एकच कायदेशीर व्यक्ती आणि राज्ये तिच्या शाखा. पॅन एक, हिशेब एक, मालमत्ता एकाच्या नावावर. कोणी फुटून गेला तरी मैदान घेऊन जात नाही. पण एका जिल्ह्यात अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा सगळ्या देशाच्या मालमत्तेवर येतो. दोन, राज्ये स्वतंत्रपणे नोंदलेली आणि केंद्र त्यांना मान्यता देणारे. जबाबदारी वाटली जाते, पण मान्यता काढली तरी राज्य संस्था कायद्याने जिवंतच राहते: तेच नाव, तेच खाते, तेच मैदान. केंद्र मग नवी समिती नेमते आणि एका राज्यात दोन संघटना तयार होतात.

जबाबदारी वाटली की प्रश्न मिटला, असेही समजू नका. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सची रचना दुसऱ्या प्रकारची. ८ फेब्रुवारी १९१० रोजी नोंदणी, १५ जून १९१६ रोजी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची सनद, आणि अडीचशेच्या आसपास स्थानिक कौन्सिल्स स्वतंत्रपणे नोंदलेल्या. लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे राष्ट्रीय संस्था १८ फेब्रुवारी २०२० रोजी दिवाळखोरी न्यायालयात गेली, ८२,००० वर दावे आले आणि भरपाईचा न्यास सुमारे २४६ कोटी डॉलरचा झाला. त्यात स्थानिक कौन्सिल्सनाही पैसे घालावे लागले, कारण पीडितांचे दावे त्यांच्यावरही होते. कागदावरची भिंत तेवढीच टिकते, जेवढी निवड, देखरेख आणि तक्रार यांची जबाबदारी प्रत्यक्षात वेगळी असते. (संघटना ८ फेब्रुवारी २०२५ पासून स्काऊटिंग अमेरिका या नावाने चालते.)

तुमच्याकडे काही राज्यांत आधीच संस्था आहेत, म्हणजे दुसरी रचनाच घ्यावी लागेल. तिची दुखणी करारानेच आवरायची. प्रत्येक राज्य संस्थेशी संलग्नता करार करा. नाव, बिल्ला आणि गणवेश हे केंद्राचे आहेत, राज्याला ते परवान्याने मिळाले आहेत, आणि मान्यता संपल्यापासून ९० दिवसांत वापर बंद, असे त्यात लिहा. व्यापारचिन्हाची नोंदणी इथे कामाला येते. ती नसेल तर हे कलम राबवणे फार जड जाते. दुसरे, राज्याच्या स्वतःच्या घटनेत तीन कलमे केंद्राच्या लेखी संमतीशिवाय न बदलण्याजोगी ठेवून घ्या: उद्दिष्ट, विसर्जनानंतर मालमत्ता कोणाकडे जाईल ते, आणि केंद्राला हिशेब पाहण्याचा अधिकार. करारात आहे पण राज्याच्या घटनेत नाही, अशी स्थिती असली तर तिथला निबंधक फक्त घटना पाहतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. १८६० चा कायदा सगळीकडे त्याच रूपात नाही. राजस्थानचा स्वतःचा कायदा १९५८ चा, कर्नाटकचा १९६०, पश्चिम बंगालचा १९६१, मध्य प्रदेशचा १९७३, तमिळनाडूचा १९७५. एकच आदर्श घटना छापून सगळ्या राज्यांना पाठवली तर कुठे ना कुठे ती परत येणारच. गाभ्याची कलमे तीच ठेवा, सभा, मुदत आणि विवरणांची कलमे राज्यागणिक बदलू द्या.

कारभाराच्या रचनेत स्काऊट संघटनेचे एक खास दुखणे असते. तिथे अधिकाराच्या दोन साखळ्या चालतात: अध्यक्ष, कार्यकारिणी, सचिव, कोषाध्यक्ष ही घटनेची, आणि मुख्य आयुक्त, राज्य आयुक्त, जिल्हा आयुक्त, पथकनायक ही गणवेशाची. पथकाला दिसते ती दुसरी, न्यायालयाला दिसते ती पहिली. घटनेत दोघांचा सांधा लिहिला नसेल तर आयुक्त पथकनायक निलंबित करतो आणि कार्यकारिणी म्हणते आम्हाला विचारले नाही. माझ्या मते मुख्य आयुक्त निवडून येऊ नये. कार्यकारिणीने त्याला तीन वर्षांसाठी नेमावे, त्याने कार्यकारिणीत बसावे, बोलावे, पण मत देऊ नये. प्रशिक्षण, कार्यक्रम आणि पथकनायकांच्या नेमणुका त्याच्याकडे. पैसा, मालमत्ता, कर्मचारी आणि अपील कार्यकारिणीकडे. निलंबनाचा अधिकार त्याला द्या, बडतर्फीचा देऊ नका.

कार्यकारिणी ११ ते १५ जणांची पुरते. मुदत तीन वर्षे, सलग दोनदा, मग एक मुदत बाहेर. दरवर्षी एक तृतीयांश जागा बदलतील असे करा, म्हणजे एकाच निवडणुकीत सगळी स्मृती जात नाही. १८ ते २६ वयाच्या दोन-तीन जागा राखा, मताधिकारासह. पदसिद्ध जागा मात्र जपून. शिक्षण सचिव, क्रीडा संचालक अशी नावे लिहिली की संस्था वजनदार दिसते. ते अधिकारी सभेला येत नाहीत आणि गणपूर्ती कायम अपुरी राहते. ठेवायच्याच असतील तर 'पदसिद्ध सदस्य गणपूर्तीत मोजले जाणार नाहीत' एवढे वाक्य घाला.

सभेच्या कलमांत तीन ठिकाणी घोळ होतो. नोटिशीचा मार्ग: जुन्या घटनांत 'रजिस्टर पोस्टाने' असते, ती सेवा आता स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. 'स्पीड पोस्टाने आणि सभासदाने नोंदवलेल्या ईमेलवर' असे लिहा आणि पाठवल्याचे पुरावे इतिवृत्तासोबत जपा. वार्षिक सभेला २१ दिवस, विशेष सभेला १४ दिवस. तहकूब सभा: गणपूर्ती नसल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी सभा घ्यायची आपली जुनी पद्धत ठीक, पण निवडणूक आणि घटनादुरुस्ती तिच्यातून वगळा. तिसरे, उद्दिष्ट बदलणे आणि नियम बदलणे यांतला फरक. उद्दिष्टे बदलायची किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे तर १८६० च्या कायद्याचे कलम १२ लागते: प्रस्ताव सभेच्या १० दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे, तीन पंचमांश मते, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश मतांनी कायम. इतर नियम तुमच्या घटनेतल्या रीतीने बदलतात. एकाच सभेत उद्दिष्ट बदलून मोकळे झालेल्या संस्था पुढे विलीनीकरणाच्या वेळी अडकतात.

न्यायालयीन कामासाठी त्याच कायद्याचे कलम ६ पाहा. सोसायटीतर्फे दावा अध्यक्षाच्या, सचिवाच्या किंवा नियमांत ठरवलेल्या व्यक्तीच्या नावाने चालतो. तुमच्या घटनेत पद लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी ठराव हवा; ठराव नाही म्हणून पहिल्याच तारखेला हरकत येते.

महाराष्ट्रात नोंदणी असेल तर आणखी तीन गोष्टी. कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज. हा राहिला की बँक नव्या सह्या घेत नाही आणि परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, जुनीच नावे झळकत राहतात; दहा वर्षांचे बदल अर्ज एकदम भरायला निघालेल्या संस्थेला प्रत्येक निवडणुकीचे इतिवृत्त आणि नोटिशीचे पुरावे शोधावे लागतात. त्याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस होत नाही, आणि बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही होत नाही. शिबिराचे मैदान एखाद्या रिसॉर्टवाल्याला पाच वर्षांसाठी दिले तर तो करार अवैध ठरतो. आणि कर्ज काढायलाही मंजुरी लागते. त्याखेरीज १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे.

पैशांबाबत परदेशी निधी एवढेच इथे सांगतो, कारण राष्ट्रीय संघटना तिथेच ठेचकाळतात. विदेशी अभिदाय (नियमन) कायदा, २०१० खाली नियमित नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येते. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ही रक्कम दुसऱ्या कोणालाही वर्ग करता येत नाही. स्वतंत्र नोंदणी असलेली राज्य संस्था ही कायद्याच्या दृष्टीने 'दुसरी'च. केंद्राने परदेशी अनुदान घेऊन राज्यांना वाटायचे, असे अंदाजपत्रक आखले असेल तर ते आत्ताच फाडा. खर्च केंद्रानेच थेट करावा लागेल.

काही जण विचारतात की संसदेने खास कायदा करून मान्यता दिली तर बरे नाही का? प्रतिष्ठा मिळते, पण किंमतही असते. फिलिपिन्समधली स्काऊट संघटना १९३६ च्या खास कायद्याने उभी राहिली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिला सार्वजनिक निगम ठरवले आणि सरकारी लेखापरीक्षण तिला लागू झाले. आपल्याकडे खास कायद्याशिवायही, सरकारी अनुदानावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते. त्यामुळे अनुदान घेतानाच कागद तसे ठेवा.

बालसंरक्षणाचे कलम घटनेच्या शेवटी 'धोरण ठरवले जाईल' या शब्दांत सोडू नका. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीबाबत कळवले नाही तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणजे 'आधी अंतर्गत चौकशी, मग पोलीस' असे घटनेत लिहिले तर तुम्ही स्वतःच गुन्ह्याचा आराखडा छापलात. कार्यपद्धती अशी लिहा: तक्रार आली की त्याच दिवशी पोलिसांना खबर, त्याच दिवशी संबंधिताला मुलांपासून दूर करणे, आणि अंतर्गत चौकशी फक्त संघटनेतल्या पदाबाबत. एका प्रौढाने एका मुलासोबत एकटे राहायचे नाही, तंबू वेगळे, राज्य बदलले तरी पथकनायकाची नोंद त्याच्यामागे जाईल. ही शेवटची गोष्ट स्वतंत्र राज्य संस्थांच्या रचनेत सर्वात अवघड, कारण प्रत्येक राज्याचा पट वेगळा असतो. पथकनायकांचा मध्यवर्ती पट आणि निलंबितांची यादी केंद्राकडेच राहील, राज्याला ती पाहिल्याशिवाय नेमणूक करता येणार नाही, हे संलग्नता करारात पहिल्या पानावर असू द्या. करारावर सही करायला एखादे राज्य याच कलमावर अडून बसले, तर त्या राज्याला सध्या बाहेरच ठेवा.